मटकीची ऊब

पहाटे पुरचुंडी सोडली,
बोट आत घातलं, तर कोमट.
रात्रभर ओल्या पंच्यात बांधलेली मटकी,
गॅस बंद, खिडकीत रामबागेतली थंडी,
आणि ही आपली आपण तापलेली,
झोपलेल्या बाळाच्या टाळूसारखी.

दादा असते तर म्हणाले असते,
"श्वास घेतेय. दुसरं काय?"

त्र्यंबक महाशब्दे, प्रयोगशाळा सेवक,
मुलींच्या शाळेत एकतीस वर्षं.
पदवी नाही. खाकी शर्टाच्या खिशात ड्रॉपर.
दर डिसेंबरात आईकडून मागून न्यायचे
दोन मुठी मटकी:
एक मोड आलेली, एक उकडलेली.
"तुमच्या विज्ञानाला सांगा," ती म्हणायची,
"उसळ चौघांची होती, तिघांना पुरवतेय."

दोन नळ्या. दोन्हींत कॉस्टिकचे खडे,
उच्छ्वास गिळून टाकायला.
बुचातून निघालेली केसाएवढी काच,
तिच्यात लाल शाईचा एक थेंब.
चाळीस मुली श्वास रोखून.
मोडांच्या नळीत थेंब सरकायचा आत, आत,
कुणी पलीकडून ओढल्यासारखा.
उकडलेलीत जागच्या जागी.

बाकीचं मी फळ्यावरून उतरवून घेतलं:
साखरेचा रेणू सहा कर्बांचा,
पेशीत आला की मोडतो, तीन-तीन.
इथवर हवा लागत नाही, मिळकतही चिल्लर.
मग तंतुकणिकेच्या दारातून आत,
तिथे एकेक कर्ब सुटत जातो
आणि आपण तो नाकावाटे सोडून देतो
बोलताना, भांडताना, जिना चढताना.
ज्वाळा नाही. धूर नाही.
सराफ्यातल्या भट्टीत हीच साखर सांडली
तर भडकून काळी होते.
इथे तीच आग पायरी-पायरीने उतरवतात,
दुधाचं उकळतं पातेलं
दोन फडक्यांनी धरून उतरवावं तशी.

दादांची उपमा नळाची होती.
नर्मदा खाली, इंदूर वर.
जलूदचे पंप पाणी चढवत राहतात,
ते टाकीत दाटून बसतं.
"तसंच त्या कणिकेत. आधी चढवायचं,
मग उतरताना त्याच्याकडून चाक फिरवून घ्यायचं.
चाक फिरलं की नाणी पडतात."
"किती?"
"एका रेणूमागे तीसेक."
"पण पुस्तकात अडतीस आहेत."
"पुस्तक गळती धरत नाही गं.
आणि जी ऊर्जा नाण्यात मावत नाही ना,
तिच्यावरच आपण कोमट राहतो."

"मग हवा कशाला लागते?"
शकुंतला बिडवईनं उभं राहून विचारलं होतं.
दादा टेबल पुसत होते, थांबले.
"शेवटी कुणीतरी ओंजळ धरायला नको?
दमून उतरलेल्या इलेक्ट्रॉनांना घ्यायला?
प्राणवायू तेवढंच करतो.
घेतो, आणि पाणी होतो."
बाईंनी खिडकीकडे बघितलं.
असं कुठल्याच गाइडात नव्हतं.

शेवटच्या आठवड्यात त्यांच्या बोटाला चिमटा,
चिमट्यात लाल दिवा.
मी पडद्यावरचे आकडे बघायची,
ते बोटाकडे.
एकदा मास्क सरकवून विचारलं,
"सरकतोय का?"
मी म्हटलं, "सरकतोय."
आकडा तेव्हा एक्क्याऐंशी होता.

मटकी धुवायला घेतली.
सवयीनं दोन मुठी वेगळ्या काढल्या,
मग परत त्यातच टाकल्या.
नळ उघडा होता. आज आपला दिवस,
एक दिवसाआड येतं इकडे.
आधी नुसती हवा आली,
फुसफुस, खोकल्यासारखी,
बराच वेळ हवाच,

मग पाणी.